एकखांबी तंबू आणि बिटकॉइनची वही

संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या माणसाला मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो: "बिटकॉइन सुरक्षित आहे का हो?" प्रश्न एकच वाटला, तरी त्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. बिटकॉइनची व्यवस्था सुरक्षित आहे का, हा पहिला. त्यात घातलेले आपले पैसे सुरक्षित आहेत का, हा दुसरा. विकणारे लोक पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात आणि ऐकणारे ते दुसऱ्याचे उत्तर समजतात. या गल्लतीपायी मुंबई-पुण्यातील हजारो कुटुंबांचे पैसे अडकले किंवा बुडाले आहेत. इंग्लंडमध्ये राहणारी आपली माणसे त्याला अपवाद राहतील असे मानण्याचे काही कारण नाही.

भाव वाढेल की पडेल, हा या लेखाचा विषय नाही. 'विकेंद्रीकरण' हा जो शब्द जाहिरातींत हमीसारखा वापरला जातो, त्याचा खरा अर्थ काय, त्याने कशाचे रक्षण होते आणि कशाचे होत नाही, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

१. वही कोणाकडे?

भिशी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. दहा जणींची भिशी असते आणि हिशेबाची वही एकीकडे असते. ती बाई चोख असेल तोवर सगळे सुरळीत चालते. पण वही हरवली, तीत खाडाखोड झाली किंवा वही सांभाळणारीच गाव सोडून गेली, तर दहाही जणी अडचणीत येतात. अशा व्यवस्थेला मराठीत नेमका शब्द आहे: एकखांबी तंबू. खांब भक्कम असेल, पण तो एकच आहे.

आता अशी कल्पना करा की वहीची एकेक प्रत दहाही जणींकडे आहे. प्रत्येक नोंद मोठ्याने वाचली जाते आणि सगळ्या जणी ती आपापल्या प्रतीत लिहून घेतात. एकीने आपल्या प्रतीत खाडाखोड केली, तर उरलेल्या नऊ प्रती तिला खोटे पाडतात. एकीची वही जळाली, तर दुसरीची उतरवून घेता येते. विकेंद्रीकरण म्हणतात ते हेच.

बिटकॉइन ही अशीच जगभर पसरलेली वही आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी तिचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर आहे. बँकांना दुसऱ्यांदा मदत देण्याच्या ब्रिटिश सरकारच्या बेताविषयी त्या दिवशीच्या लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये जो मथळा होता, तोही त्या पानात नोंदवलेला आहे. सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारांत लागलेल्या रांगा ज्यांना आठवतात, त्यांना यातला रोख समजेल. एका संस्थेवर विसंबावे लागू नये, हा या खटाटोपामागचा हेतू होता.

भिशीत सगळ्या जणी एकमेकींना ओळखतात. येथे कोणीच कोणाला ओळखत नाही. मग एकाच माणसाने हजार नावे घेऊन मते फिरवली तर काय? यावर उपाय असा योजला आहे की मत नावागणिक मोजायचे नाही, केलेल्या कामावर मोजायचे. वहीचे नवे पान सीलबंद करण्यासाठी संगणकांना प्रचंड आकडेमोड करावी लागते आणि तिला वीज लागते. साधारण दर १० मिनिटांनी कोणा एकाला यश येते आणि बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. हे काम म्हणजे मायनिंग. बक्षीस सुरुवातीला ५० नाण्यांचे होते. ते सुमारे चार वर्षांनी निम्मे होत जाते आणि एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ नाणी आहे. एकंदर नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत, असा नियम आहे.

प्रत्येक पानावर आधीच्या पानाच्या सीलचा ठसा असतो. त्यामुळे जुने पान बदलायचे, तर त्यानंतरची सगळी पाने पुन्हा सीलबंद करावी लागतात. तसे करू पाहणाऱ्याजवळ बाकी साऱ्या जगाहून अधिक, म्हणजे निम्म्याहून जास्त संगणकशक्ती हवी. ही बिटकॉइनची तटबंदी.

२. मोजायची ती स्वतंत्रता, संख्या नव्हे

ही तटबंदी कसाला लागली आहे. २०२१ च्या मध्यापर्यंत जगातील मायनिंगचा सर्वांत मोठा वाटा चीनमध्ये होता. त्या वर्षी मे-जूनमध्ये चीनने मायनिंग बंद करायला लावले आणि जाळ्याची जवळजवळ निम्मी संगणकशक्ती काही आठवड्यांत नाहीशी झाली. पाने भरायला १० मिनिटांहून बराच जास्त वेळ लागू लागला. पण वही थांबली नाही. आकडेमोडीची काठिण्यपातळी दर २०१६ पानांनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, आपोआप जुळवून घेतली जाते. जुलैच्या सुरुवातीला ती एकदम २८ टक्क्यांच्या आसपास उतरली आणि गाडी रुळावर आली. निम्मे खांब काढून घेतले तरी तंबू उभा राहिला, ही अभियांत्रिकीच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. १५ ऑगस्ट २०१० रोजी कोणीतरी बिटकॉइनच्या प्रोग्रॅममधील बेरजेच्या एका चुकीचा फायदा घेऊन एका व्यवहारात १८४ अब्जांहून अधिक नाणी निर्माण केली. मर्यादा २ कोटी १० लाखांची, आणि नाणी १८४ अब्ज! प्रती अनेकांकडे होत्या. तरीही ही खोटी नोंद वहीत चढली, कारण सगळे जण एकच प्रोग्रॅम वापरत होते आणि चूक त्या प्रोग्रॅममध्येच होती. काही तासांत दुरुस्ती झाली आणि ते पान बाद ठरवण्यात आले. दहा जणींनी दहा वह्या ठेवल्या, पण सगळ्यांनी बेरीज एकाच बिघडलेल्या कॅल्क्युलेटरवर केली, तर दहाही वह्या चुकणार.

तसेच मायनरांचे. एकट्याने मायनिंग परवडत नाही म्हणून लोक एकत्र येऊन 'पूल' करतात. जून २०१४ मध्ये जीहॅश नावाच्या एका पूलचा वाटा काही काळ निम्म्यावर गेला. यंत्रे हजारो लोकांची, पण कोणते पान भरायचे हे ठरवणारा एक. ओरड झाल्यावर पूलने आपला वाटा ४० टक्क्यांच्या आत ठेवण्याचे मान्य केले. लहान नाण्यांच्या बाबतीत तर असा हल्ला प्रत्यक्षात होतो. इथेरियम क्लासिक या नाण्याच्या वहीची पाने ऑगस्ट २०२० या एकाच महिन्यात तीनदा उलटवली गेली. मायनिंग करणारे थोडे असले, तर निम्म्याहून जास्त शक्ती भाड्यानेही मिळवता येते.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'विकेंद्रित' हे लेबल नाही, ते माप आहे. किती प्रती आहेत, किती यंत्रे आहेत, हे विचारून भागत नाही. एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र किती आहेत, हे विचारावे लागते. बिटकॉइन या मापात बरेच वर आहे. रोज जाहिरात होणारी शेकडो नाणी फार खाली आहेत.

३. राउंडअबाउट आणि आपली गाडी

समजा, जाळे उत्तम आहे. मग आपले पैसे सुरक्षित का नाहीत? बेसिंगस्टोककरांना हे समजायला सोपे आहे. आपले गाव राउंडअबाउटांसाठी प्रसिद्ध, किंवा बदनाम, आहे. लहान राउंडअबाउटवर ना हवालदार, ना सिग्नल. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हा १९६६ पासून देशभर लागू असलेला एक नियम सगळे पाळतात आणि वाहतूक वाहत राहते. हेही एक प्रकारचे विकेंद्रीकरणच. पण राउंडअबाउट चांगले बांधले आहे, म्हणून आपल्या गाडीचे ब्रेक चांगले आहेत असे होत नाही.

बिटकॉइनच्या वहीत आपले नाव नसते. मालकी ठरवते ती एक खाजगी किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. ती बहुधा १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांच्या यादीच्या रूपात जपून ठेवतात. ज्याच्याकडे किल्ली, तो मालक. चोराने किल्ली वापरली तरी वही ती नोंद निमूटपणे मान्य करते, कारण तिच्या नियमाप्रमाणे सही बरोबर असते. येथे मॅनेजर नाही, तक्रारखिडकी नाही आणि केलेली नोंद मागे घेण्याची सोय नाही.

बहुतेक लोक ही किल्ली स्वतःकडे ठेवतच नाहीत. ते एक्स्चेंजमध्ये खाते उघडतात आणि किल्ली एक्स्चेंजकडे राहते. म्हणजे विकेंद्रित वहीसाठी म्हणून घराबाहेर पडलेला माणूस पुन्हा एकखांबी तंबूतच जाऊन बसतो.

मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजचे उदाहरण पाहू. १८ जुलै २०२४ रोजी तेथून २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची नाणी चोरीला गेली. ग्राहकांच्या एकूण मालमत्तेचा हा जवळजवळ ४५ टक्के भाग होता. ही नाणी काही एका माणसाच्या सहीवर ठेवलेली नव्हती. सह्या करणारे सहा जण होते. पाच वझीरएक्सचे, एक लिमिनल या तिजोरी सांभाळणाऱ्या कंपनीचा. कोणताही व्यवहार व्हायला वझीरएक्सच्या तिघांच्या आणि मग लिमिनलची, अशा चार सह्या लागत. आपल्या गृहनिर्माण सोसायटीच्या चेकवर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांपैकी दोघांच्या सह्या लागतात, त्याचीच ही पुढची पायरी.

तरीही चोरी झाली. वझीरएक्सचे म्हणणे असे की पडद्यावर जो व्यवहार दिसत होता, तो आणि ज्यावर प्रत्यक्षात सही झाली तो, हे दोन वेगळे होते. आपल्या यंत्रणेत बिघाड नव्हता, असे लिमिनलने सांगितले. दोष कोणाचा, हा वाद बाजूला ठेवू. आपल्याला शिकण्यासारखे हे की सह्या चार असल्या तरी चौघांना दिसणारा कागद खोटा असेल, तर त्या एकाच सहीच्या मोलाच्या ठरतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या दुबईच्या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरची नाणी गेली, तेव्हाही सह्या करणाऱ्यांना दिसणारा पडदाच बदललेला होता. या दोन्ही चोऱ्यांमागे उत्तर कोरियाचे हस्तक असल्याचे अमेरिकेच्या सरकारने जाहीर केले आहे. दोन्ही वेळी इथेरियमचे जाळे मात्र क्षणभरही बिघडले नव्हते. त्याने आपले काम चोख केले: बरोबर सही आली, नाणी हलवली.

वझीरएक्सच्या खातेदारांचे पुढे काय झाले? नाणी काढून घेणे बंद झाले. पालक कंपनी सिंगापूरची असल्याने प्रकरण तेथील उच्च न्यायालयात गेले. योजना मंजूर होऊन नाण्यांचे व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला, म्हणजे तब्बल पंधरा महिने. ज्यांच्या खात्यात चोरीला न गेलेली नाणी होती, त्यांनाही तोट्यातला वाटा उचलावा लागला. कारण खात्यात दिसणारा आकडा म्हणजे तुमचे नाणे नव्हे. ते तुमचे एक्स्चेंजकडे असलेले येणे होय.

मग किल्ली स्वतःकडेच ठेवावी का? ठेवता येते, पण तेव्हा खांब आपण स्वतः होतो. येथून मोटारीने सुमारे दोन तासांवर वेल्समधील न्यूपोर्ट आहे. तेथील एका गृहस्थांची संगणकातील डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तीत सुमारे ८००० बिटकॉइनची किल्ली होती. कचराडेपो खणू द्यावा म्हणून त्यांनी नगरपालिकेवर दावा केला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. वहीत ती नाणी आजही दिसतात. ती कोणालाच हलवता येत नाहीत.

४. पुण्याचा धडा

तिसरा धोका जाळ्यात नाही आणि किल्लीतही नाही. तो ओळखीच्या माणसाच्या तोंडून येतो. 'गेनबिटकॉइन' ही योजना पुण्यासह देशभर पसरली होती. मायनिंगसाठी बिटकॉइन द्या, १८ महिने दरमहा १० टक्के परत घ्या, असे तिचे आश्वासन होते. म्हणजे १ नाणे दिले की १.८ नाणी परत. पुढे लोकांना बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचे नाणे देण्यात येऊ लागले, ज्याला बाजारात फारसे मोल नव्हते. २०१८ मध्ये पुण्यात दत्तवाडी आणि निगडी पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदले गेले आणि मुख्य आरोपी अमित भारद्वाज यांना एप्रिलमध्ये अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर मार्चमध्ये, तपासाला मदत म्हणून बोलावलेल्या दोन तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधील नाणी त्यांनी परस्पर वळवल्याचा आरोप होता. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर ६० हून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या.

या योजनेतील खोट ओळखायला पोलिसांची गरज नव्हती. वर सांगितलेले नियम पुरेसे होते. २०१७ साली बक्षीस १२.५ नाण्यांचे होते. दिवसाला साधारण १४४ पाने, म्हणजे साऱ्या जगात मिळून रोज १८०० नाणी. मायनर वाढले की काठिण्यपातळी चढते आणि प्रत्येकाच्या वाट्याचे कमी होते. मग दरमहा ठरावीक १० टक्क्यांची हमी कोण देऊ शकेल? बिटकॉइन खरोखरच कोणा एकाच्या हातात नसल्यामुळे, त्याच्या मायनिंगवर ठरावीक उत्पन्नाची हमी कोणालाही देता येत नाही. हमी देणारा माणूस विकेंद्रीकरणाचे नाव घेऊन आपल्याच खांबाला टेकायला सांगत असतो.

५. बँकही एकखांबीच, पण...

काही वाचक म्हणतील, बँका तरी कुठे बुडत नाहीत? बरोबर आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना प्रथम फक्त १००० रुपये काढता येत होते. ती वेळ अनेक मराठी घरांनी सोसली आहे. पण बँकेच्या खांबाला टेकू आहे. भारतात फेब्रुवारी २०२० पासून दर ठेवीदाराला दर बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत ठेवविमा आहे. येथे ब्रिटनमध्ये ठेवींना असलेले संरक्षण १ डिसेंबर २०२५ पासून ८५ हजारांवरून १ लाख २० हजार पौंडांवर गेले आहे. बिटकॉइनसारख्या नाण्यांना यातले काहीही लागू नाही. एक्स्चेंजचे नाव एफसीएच्या नोंदणीत असणे आवश्यक आहे, पण नोंदणी म्हणजे हमी नव्हे. ८ ऑक्टोबर २०२३ पासून येथील नियमांनुसार जाहिरातीत सारे पैसे बुडू शकतात असा स्पष्ट इशारा द्यावा लागतो आणि नव्या ग्राहकाला विचार करायला २४ तासांची मुदत द्यावी लागते. ती मुदत कटकट समजू नये. ती आपल्यासाठीच आहे.

६. घरासाठी काही नियम

ज्यांना या वाटेला जायचेच नाही, त्यांनी न गेल्याने काहीही बिघडत नाही. ज्यांना जायचे आहे, त्यांनी निदान पुढील पथ्ये पाळावीत.

(१) घराच्या हप्त्याचे, मुलांच्या शिक्षणाचे, आईवडिलांच्या आजारपणासाठी ठेवलेले पैसे यात घालू नयेत. सगळे गेले तरी संसार चालेल, तेवढीच रक्कम. कर्ज काढून तर मुळीच नाही.

(२) पैसे घालण्यापूर्वी प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा: येथे एक जण चुकला, पळाला किंवा वारला तर माझे काय होईल? नाण्याचे जाळे, एक्स्चेंज, किल्ली आणि सल्ला देणारा, या चारही ठिकाणी.

(३) एक्स्चेंजवर दीर्घकाळ मोठी रक्कम ठेवू नये. किल्ली स्वतःकडे घेतल्यास शब्दांची यादी कागदावर लिहून दोन वेगळ्या जागी ठेवावी. फोनमध्ये तिचा फोटो काढू नये. ती कोणालाही, अगदी 'कंपनीतून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही, सांगू नये. खरी कंपनी ती कधीच मागत नाही.

(४) पतीपत्नी दोघांनाही हा व्यवहार ठाऊक असावा. ज्याने घेतले त्याच्या पश्चात यादी सापडली नाही, तर कोर्टाच्या आदेशानेही ती नाणी मिळत नाहीत. मृत्युपत्रासोबत एक बंद पाकीट ठेवावे.

(५) करांचा हिशेब ठेवावा. ब्रिटनमध्ये नाणे विकणेच नव्हे, तर एक नाणे देऊन दुसरे घेणे हीदेखील कराच्या दृष्टीने विक्रीच आहे. वर्षाकाठी ३००० पौंडांपर्यंतचा भांडवली नफा करमुक्त, त्यावर उत्पन्नानुसार १८ किंवा २४ टक्के. १ जानेवारी २०२६ पासून एक्स्चेंजना ग्राहकांची माहिती एचएमआरसीला देण्यासाठी गोळा करावी लागते. भारतात खाते असल्यास तेथे एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. अशांनी जाणकार अकाउंटंटला विचारूनच पुढे जावे.

(६) हा बाजार रात्रीही बंद होत नाही. भाव पाहण्यासाठी मध्यरात्री उठण्याची वेळ येऊ लागली, तर रक्कम झेपण्यापेक्षा जास्त आहे असे समजावे.

(७) मंडळाच्या किंवा देवळाच्या ओळखीवर कोणी हमीचे उत्पन्न सांगू लागल्यास नम्रपणे नकार द्यावा. ओळख माणसाची असते, योजनेची नसते.

गावाकडे निवृत्त झालेल्या नातेवाइकांनाही फोनवर हे जरूर सांगावे. बिटकॉइनची वही खाडाखोडीपासून जपण्याचे काम हजारो संगणक करीत आहेत. आपला संसार जपण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.